मारेकरी मे, आरोपी डिसेंबर

मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी उन्हाळ्यात मरते आणि तिच्या मृत्यूची नोंद हिवाळ्यात होते, हे विधान रसायनशास्त्राच्या दृष्टीने जितके निर्विवाद आहे, तितकेच ते नागपूर, अकोला किंवा चंद्रपूर येथील कोणत्याही वसाहतीच्या पार्किंगमध्ये उच्चारणाऱ्याच्या प्रतिष्ठेला घातक आहे. डिसेंबरातील सकाळी चावी फिरवल्यावर बोनेटखालून केवळ ‘टक् टक्’ असा क्षीण ध्वनी आला, की मालक, मालकाची पत्नी, दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त उपअभियंता, पेपरवाला आणि कुणाचीही गाडी बंद पडली की हजर होणारे ते एक गृहस्थ, या सर्वांचे निदान क्षणार्धात एक होते: थंडी. मालकाने स्वतः स्वेटर, त्यावर मफलर आणि त्यावर कानटोपी चढवलेली असल्यामुळे, जे आपल्याला बोचते ते बॅटरीलाही बोचत असणार, या सिद्धान्ताला पुराव्याची गरज आहे असे त्याला वाटत नाही.

या प्रकरणाचा तपास करण्यापूर्वी मयताची ओळख पटवून घेणे इष्ट ठरेल. गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर राखून गुंडाळले, ते सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारी पहिली बॅटरी जगाला दिली. आजच्या मोटारीतील काळ्या खोक्यात अशी सहा दालने असतात. प्रत्येक दालनाला सेल म्हणतात, प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो आणि सहांची बेरीज पूर्ण भारित अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास भरते. सेलमध्ये दोन प्रकारच्या पट्ट्या आलटून पालटून उभ्या असतात, ज्यांपैकी एकीवर लेड डायॉक्साइड आणि दुसरीवर सच्छिद्र शिसे असते. वीज देताना दोन्हींचे रूपांतर लेड सल्फेटमध्ये होते आणि आम्ल पातळ होत जाते, तर वीज घेताना हाच व्यवहार उलट दिशेने होतो. इंजिन सुरू होण्याच्या दोन-तीन सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह देणे एवढेच या खोक्याचे मुख्य काम असून, पुढे इंजिन चालू असेपर्यंत आल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या जनित्राकडून, ती उधारी वसूल करण्यात त्याचा वेळ जातो. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसवला जाईपर्यंत हे काम लोखंडी हँडल फिरवून हातानेच करावे लागे, आणि त्या काळी थंडीला दोष देण्याची सोय नव्हती, कारण गाडी सुरू होईपर्यंत मालक घामाने निथळत असे.

भारतीय मानकांनुसार बॅटरीची क्षमता २७ अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानाला मोजली जाते. हे तापमान मानकर्त्यांनी मोठ्या सद्भावनेने निवडले असले, तरी विदर्भात मे महिन्यात ते फार तर पहाटे सापडते, आणि नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात असतानाचे मे अखेरीचे नऊ दिवस, सुरू झाला की पहाटेही सापडेनासे होते. दुपारी पारा ४५ अंशांवर जातो, बोनेटखालची हवा त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर तर तेथील तापमान काही काळ आणखी चढते, कारण वारा थांबतो, रेडिएटरचा पंखा थांबतो आणि तापलेल्या लोखंडाची सगळी धग तेथेच कोंडली जाते. मालक त्या वेळी वाळ्याच्या कूलरसमोर बसून पन्हे पीत असतो आणि गाडीही सावलीत विसावली आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो याचे गणित स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले. अकोल्याचा उन्हाळा न पाहता, स्वीडनसारख्या थंड देशात वाढूनही त्यांनी ते मांडले, हे त्यांच्या प्रतिभेचे लक्षण मानावे लागेल. त्या गणितावरून बॅटरीच्या धंद्यात एक ठोकताळा रूढ झाला आहे: बॅटरीचे तापमान कायम दहा अंशांनी वाढले, तर तिच्या आतल्या विध्वंसक क्रिया साधारण दुप्पट वेगाने घडतात आणि आयुष्य निम्म्यावर येते. २७ अंशांत चार वर्षे टिकणारी बॅटरी ३७ अंशांत दोन आणि ४७ अंशांत एक वर्ष टिकावी, असा याचा अर्थ होतो. सुदैवाने विदर्भात वर्षभर मे नसतो आणि बारा-पंधरा किलो वजनाचे ते खोके तापायलाही वेळ घेते, म्हणून व्यवहारात बॅटरी त्यापेक्षा अधिक जगते. परंतु तिच्या वयाची मोजणी कॅलेंडरावर नव्हे तर तापमापकावर होत असते, ही बाब वॉरंटी कार्डावरील तारखेवर श्रद्धा ठेवणाऱ्या मालकाच्या गळी उतरवणे आजवर कोणत्याही विक्रेत्याला साधलेले नाही.

खोक्याच्या आत या काळात जे घडते ते मन लावून पाहण्यासारखे आहे. धन पट्टीचा सांगाडा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूची जाळी असते. उष्ण आम्लात ती झपाट्याने गंजते, फुगते आणि आपल्यावरील लेप सोडू लागते. आम्लातील पाणी उडते. काही उन्हाने, परंतु बरेचसे भारण करताना त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंत विघटन होऊन. बॅटरी जितकी गरम, तितका भारणाचा दाब कमी हवा, ढोबळमानाने १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे दोन-तीन शतांश व्होल्टने कमी. नव्या गाड्यांत ही काळजी गाडीच घेते. परंतु ज्या मालकाने गाडीत दारे थरथरवणारा ध्वनिक्षेपक बसवलेला असतो, तो वायरमनला आवर्जून सांगतो, “भाऊ, चार्जिंग थोडं वाढवूनच द्या, बॅटरी कमी नाही पडली पाहिजे.” वायरमन सांगितल्याप्रमाणे करतो आणि त्यानंतरच्या मे महिन्यात बॅटरी अक्षरशः उकळत राहते. तिसरा प्रकार सर्वांत मुकाट्याने घडतो. कोणताही दिवा न लावता, नुसती उभी असतानाही बॅटरी स्वतःशीच थोडी थोडी रिती होत असते. याला स्वयंविसर्जन म्हणतात आणि त्याचा वेगही दर दहा अंशांना सुमारे दुप्पट होतो. अशी अर्धवट रिती बॅटरी तापत पडून राहिली, की पट्ट्यांवरील सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात, आणि ते स्फटिक नंतर कितीही चार्जिंग केले तरी पूर्ववत शिसे होण्यास राजी नसतात.

एवढा संहार चालू असताना बॅटरी बाहेरून कशी दिसते? उत्तम. किंबहुना आयुष्यात कधी नव्हे इतकी उत्तम, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत दिशाभूल करणारी गोष्ट आहे. उष्णतेने आम्लातील क्रिया चपळ झालेल्या असतात, इंजिनातील तेल पातळ झालेले असते, त्यामुळे चावीला हात लागतो न लागतो तोच इंजिन सुरू होते. मालकाला कुणी विचारले की,

“बॅटरी कशी काय आहे?”

तर तो अभिमानाने सांगतो, “एक नंबर! अर्धा सेल्फ मारला की चालू.”

मे महिन्यातील ही वाक्ये जपून ठेवण्याची पद्धत असती, तर डिसेंबरातील अनेक वाद मिटले असते.

याचा अर्थ मालक उन्हाळ्याविषयी बेफिकीर असतो असा मुळीच नाही. ऊन बाधू नये म्हणून त्याच्या खिशात कांदा असतो, डोक्याला दुपट्टा असतो, स्टिअरिंगवर ओला टॉवेल असतो, काचांवर पडदे असतात, सीट तापू नये म्हणून तिच्यावर चादर असते आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला ऊन लागू नये म्हणून गाडी उलट तोंडाने उभी केलेली असते. गाडीत ज्या ज्या वस्तूला नजर पोहोचते, त्या त्या वस्तूचे उन्हापासून रक्षण होते. बॅटरी बोनेटखाली असल्यामुळे तिला या यादीत स्थान मिळत नाही. तिच्यावर ‘मेंटेनन्स फ्री’ असे छापलेले असले तर प्रश्नच मिटतो. वास्तविक अशा बॅटरीत जाळीसाठी शिसे आणि कॅल्शियम यांचा मिश्रधातू वापरलेला असतो, त्यामुळे पाण्याचे विघटन पुष्कळ कमी होते, एवढाच त्याचा आशय आहे. परंतु मालक ते लग्नातील अक्षतांप्रमाणे एकदा डोक्यावर पडलेले आणि जन्मभर पुरणारे अभयदान समजतो.

याउलट, ज्यांच्या बॅटरीला पाणी घालण्याची झाकणे असतात, अशा मालकांत काळजीचा अतिरेक आढळतो. बॅटरीतून उडते ते केवळ पाणी, आम्ल मागे राहते; म्हणून भरायचे तेही केवळ शुद्ध, खनिजविरहित पाणी, पट्ट्या बुडतील एवढेच. हे पाणी पेट्रोल पंपावर अल्प किमतीत मिळते. ते विकत घेणे मात्र अनेकांच्या काटकसरीला रुचत नाही.

“एसीचं पाणी चालते नं? तेही डिस्टिल्डच असते.”

“आमच्या घरी आरओचं आहे, पिण्याचं. त्याहून शुद्ध काय राहणार?”

“पाण्यानं काय होते? थोडं अ‍ॅसिडच टाका, ताकद येईल.”

यांपैकी पहिल्या पाण्यात एसीच्या जाळीवरील धूळ आणि धातूचे अंश असतात, दुसऱ्यात क्षार शिल्लक असतात, आणि तिसरा सल्ला मानल्यास पट्ट्यांचे आयुष्य आणखी घटते. हा सल्ला देणाऱ्या गृहस्थांकडे स्वतःची गाडी सहसा नसते. झाकण उघडून पातळी पाहण्यासाठी काडी पेटवणारा महाभाग क्वचितच आढळतो, कारण तेथे साठलेला हायड्रोजन त्याला दुसऱ्यांदा आढळू देत नाही.

मे महिन्यात कुटुंब चिखलदऱ्याला किंवा त्याहून दूर महाबळेश्वरला जाते आणि गाडीला तीन आठवडे विश्रांती दिली जाते. गाडीवर आच्छादन घातले जाते, त्याच्या दोऱ्या बांधल्या जातात, शेजाऱ्याला “लक्ष ठेवा” असे सांगितले जाते. आच्छादनाखाली घड्याळ, अलार्म आणि कुलपाची यंत्रणा थोडी थोडी वीज पीत राहतात, स्वयंविसर्जन दुपटी-चौपटीने चालू राहते आणि सल्फेटचे स्फटिक निवांतपणे वाढतात. परत आल्यावर गाडी किंचित कुरकुरते, शेजारी जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणारी जाड वायर, लावून देतो, गाडी सुरू होते आणि “जरा फिरवून आणली की भरते” असे म्हणून प्रकरण दप्तरी दाखल होते. पावसाळा कसाबसा निघून जातो. दसऱ्याला गाडी धुतली जाते, तिला झेंडूचा हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. बॅटरीवर भार टाकून ती किती दम धरते हे तपासण्यासाठी वर्षातील याहून योग्य दिवस दुसरा नाही, कारण उन्हाळ्याने केलेले नुकसान पूर्ण झालेले असते आणि थंडी यायला अवकाश असतो. परंतु नुकते काढलेले स्वस्तिक मोडेल या भीतीने त्या दिवशी बोनेट कुणीही उघडत नाही.

मग ती सकाळ उजाडते. पारा ११ अंशांवर असतो. तज्ज्ञमंडळाची बैठक वाहनाभोवती उभ्यानेच भरते.

“काय झालं जी?”

“काही नाही, थंडीनं बॅटरी बसली.”

“माझीही मागच्या डिसेंबरातच बसली होती!”

“पाहा म्हणजे!”

दोन बॅटऱ्या डिसेंबरात बसल्या, यावरून डिसेंबरचा गुन्हा सिद्ध होतो. प्रत्यक्षात या गुन्ह्यात थंडीचा वाटा किती, हे सांगता येण्याजोगे आहे. ११ अंशांना आम्लातील क्रिया मंदावतात आणि बॅटरीची उपलब्ध क्षमता २७ अंशांच्या तुलनेत फार तर दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. इंजिनातील तेल थोडे दाट होते, त्यामुळे स्टार्टरला थोडे अधिक बळ लागते. धडधाकट बॅटरीला ही घट जाणवतही नाही. ज्या बॅटरीची निम्मीअधिक ताकद उन्हाळ्याने आधीच लाटली आहे, तिच्या हिशेबात मात्र एवढी घट शेवटची ठरते. मापन करू गेल्यास थंडी उलट बॅटरीचीच तरफदारी करते: आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याची घनता, हायड्रोमीटर नावाच्या रबरी फुग्याच्या काचनळीने मोजतात, ती पूर्ण भारित अवस्थेत १.२८ च्या आसपास असते, आणि थंडीत द्रव आकसल्यामुळे हा आकडा आहे त्याहून थोडा चांगलाच दिसतो.

बॅटरीला खऱ्या अर्थाने छळणारी थंडी वेगळीच असते. थंडीतील जोर मोजण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात बॅटरी उणे १८ अंशांपर्यंत गार करून तिच्याकडून ३० सेकंद जबरदस्त प्रवाह खेचला जातो आणि तेवढा वेळ तिने ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये अशी अट असते. तशा थंडीत चांगल्या बॅटरीचाही जोर निम्म्याच्या आसपास येतो. द्रास-लेहकडच्या हिवाळ्यात काही वाहनचालक रात्री बॅटरी सोडवून घरात नेतात, आणि ते योग्यच करतात, कारण पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांपर्यंत गोठत नसले, तरी रित्या बॅटरीत आम्लाऐवजी जवळजवळ पाणीच उरलेले असल्यामुळे ती उणे दहाच्या आतबाहेरच गोठून फुटू शकते. विदर्भातील मालकाने द्रासचे निमित्त नागपुरात वापरणे मात्र न्यायाला धरून नाही. अशा प्रसंगी एखाद्या अभ्यासकाने अऱ्हेनियसचे नाव घेऊन हे सर्व समजावून सांगण्याचा प्रयत्न केलाच, तर मंडळ त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेते आणि मग त्याला म्हणते, “ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही जरा मागून धक्का मारा.” अभ्यासक धक्का मारतो. गाडी ऑटोमॅटिक गिअरची असल्यामुळे अशी सुरू होण्याची शक्यता नसते, हे त्याला वसाहतीच्या फाटकापर्यंत पोहोचल्यावर सांगितले जाते.

दरम्यान उपचार सुरू झालेले असतात. कुणी बॅटरीवर घोंगडी टाकतो, कुणी टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडण्याच्या खुंट्यांवर, गरम पाणी ओततो. त्याने खुंट्यांवरचा पांढरा-निळसर चुरा तेवढा धुतला जातो आणि कधी कधी निव्वळ त्यामुळेच गाडी सुरू होऊन घोंगडीवाल्याला श्रेय मिळते. मालक या काळात दर अर्ध्या मिनिटाने सेल्फ मारून ‘आता होते का’ ते पाहत असतो आणि उरलेली वीज त्या पाहण्यातच संपते.

अखेर मेकॅनिक येतो. तो मीटर लावतो, मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो आणि मालक विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहतो. मेकॅनिक दिवे लावून सेल्फ मारायला सांगतो. आकडा आठच्या खाली कोसळतो. भाराविना दाखवलेला दाब हा बॅटरीच्या प्रकृतीचा भरवशाचा पुरावा नसतो, हे त्या क्षणी सर्वांसमक्ष सिद्ध होते आणि कुणाच्याही लक्षात येत नाही.

“साहेब, ही उन्हाळ्यातच गेली होती.”

“काहीतरीच काय बोलता! काल संध्याकाळपर्यंत चालू होती.”

“चालू होती, पण तुमच्या नशिबानं चालून राह्यली होती.”

“पण थंडी तर काल रात्रीच वाढली नं?”

या प्रश्नापुढे मेकॅनिक गप्प बसतो. त्याचा धंदा बॅटऱ्या विकण्याचा आहे, गिऱ्हाइकाचे मत बदलण्याचा नाही, आणि या दोहोंपैकी पहिल्यात पैसे आहेत. दुकानात वॉरंटी कार्ड निघते. मुदत ऑक्टोबरातच संपलेली असते, आणि बॅटरी कंपन्यांनी थंडीशी संगनमत केले असल्याचा नवा मुद्दा फिर्यादीत समाविष्ट होतो. जुन्या बॅटरीचे शिसे पुन्हा वितळवून वापरता येत असल्यामुळे तिचे थोडे पैसे वजा होतात, आणि नवी बॅटरी घेऊन मिरवणूक पार्किंगमध्ये परतते.

नवी बॅटरी बसवताना पाना शोधण्यासाठी मेकॅनिकचा पोऱ्या डिकी उघडतो आणि स्टेपनीखालून एक काळे, जाड, धुळीने माखलेले वेष्टन बाहेर काढतो. अनेक गाड्यांत बॅटरीला इंजिनाची धग लागू नये म्हणून कारखान्यातूनच असे उष्णतारोधक वेष्टन घातलेले असते; पहिली बॅटरी बदलताना ते कुणीतरी काढले होते, आणि नव्या बॅटरीवर ते चढवण्याचे कष्ट नको म्हणून डिकीत टाकले होते. मालक ते उलटसुलट करून पाहतो.

“हे काय आहे रे?”

“बॅटरीचं जॅकेट आहे, साहेब.”

मालकाचा चेहरा उजळतो. तो ते वेष्टन उंच धरून दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त उपअभियंत्यांना दाखवतो, तेही वरून मान डोलावतात, कारण कंपनीलासुद्धा थंडीची कल्पना होती याचा लेखी नसला तरी कापडी पुरावा आता हाती आलेला असतो. वेष्टन झटकून, पुसून नव्या बॅटरीवर नीट चढवले जाते. मालक बोनेट लावतो, मेकॅनिकचे पैसे चुकते करतो आणि तो निघत असताना त्याला पुन्हा हाक मारून बजावतो:

“अन् ऐका, एप्रिल लागला की आठवणीनं येऊन काढून टाका ते जॅकेट. उकडून जाईल बिचारी.”